आरोग्य केंद्रातलं छाती तपासायचं यंत्र आणि नंतरची इलास्टोग्राफी : मावशीसोबतचा अनुभव

मावशीला घेऊन आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात गेले होते ते खरं तर तिच्या बीपीच्या गोळ्यांसाठी, आणि तिथल्या नर्सबाईंनी सहज विचारलं की वय चोपन्न ना, मग आल्यासारखी छातीची, म्हणजे स्तनांत गाठबीठ आहे का याची, तपासणी पण करून घ्या, फुकट आहे. मावशी नकोच म्हणत होती. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, छाती दाबतात, दुखतं, असं तिनं शेजारणीकडून ऐकलेलं. नर्सबाई म्हणाल्या, बाय, भियेनाका, हे ते मशीन नव्हे. आणि खरंच नव्हतं.

हातात मावेल एवढं यंत्र, आयब्रेस्टएक्झाम नावाचं. एक्स-रे नाही, रेडिएशन नाही, नुसतं त्वचेवर एकेका जागी हलकं टेकवायचं आणि आतली ऊती किती घट्ट, किती मऊ ते त्यातले सिरॅमिकचे सेन्सर मोजतात, हे सेन्सरचं तंत्र फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत तयार झालेलं. गोव्यात २०२१ साली 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' हा कार्यक्रम सुरू झाला, क्रिकेटर युवराज सिंगच्या फाउंडेशनच्या पुढाकाराने, एक लाख बायका तपासायचं ठरवून, तेव्हापासून ही यंत्रं आपल्याकडे आली. पडदा ओढलेला, आत फक्त नर्सबाई आणि मी, मावशीला पदर बाजूला करताना अवघडल्यासारखं झालं पण बाई तिच्याशी यंदाच्या आंब्यांबद्दल बोलत राहिल्या आणि बोलता बोलता काम झालं. टॅबवर छातीचा नकाशा दिसतो. उजव्या बाजूला वर, काखेच्या अंगाला, दोन चौकोन लाल आले. बाईंनी परत एकदा तिथंच टेकवून बघितलं. परत लाल.

मला त्यांचं एक फार आवडलं, त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही आणि काही नाही हो असंही म्हटलं नाही. इथं घट्ट लागतंय, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करा, या आठवड्यातच करा, एवढंच, आणि चिठ्ठी लिहून दिली. मावशी म्हणत होती, अगो पण दुखत नाही काही. दुखत नाही म्हणूनच तर बायका घरी बसतात!

सोनोग्राफी आम्ही घाईत एका खाजगी सेंटरमध्ये केली आणि तिथला अनुभव मात्र निम्मा चांगला निम्मा वाईट. अकराची वेळ दिलेली, आत घेतलं दोन वाजता, मावशी उपाशी, कारण फोनवर कोणीतरी उपाशी या म्हणून सांगितलं होतं, जे या तपासणीला लागतच नाही. इलास्टोग्राफीचे पैसे वेगळे. इलास्टोग्राफी म्हणजे सोनोग्राफीच, फक्त मशीन आत एक हलकी थरथर पाठवतं आणि ती किती वेगानं पळते त्यावरून आतला भाग किती ताठ ते किलोपास्कल या मापात सांगतं, ताठ जागेत ती जास्त जोरात पळते. आधी एक ज्युनियर डॉक्टर आले, त्यांनी प्रोब चांगला दाबून धरला आणि सगळी स्क्रीन लालेलाल. मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी भरपूर जेल घातलं, प्रोब अक्षरशः जेलवर तरंगत ठेवला, मावशीला दोन क्षण श्वास धरायला लावला आणि चित्र निवळलं. आजूबाजूची चरबी निळी, आणि गाठीच्या कडेला लाल कडं, १४२ किलोपास्कल. दाबलं की साधी ऊतीही ताठ दिसते, त्यामुळे कोण करतंय आणि कसं करतंय यावर या टेस्टची सगळी किंमत आहे, हे मी तिथं डोळ्यांनी बघितलं. आणि रंगांवरून घाबरू नका, काही मशीनमध्ये रंग उलटे असतात, निळं म्हणजे घट्ट. रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं, नुसतं इलास्टोग्राफी केली असं एक वाक्य! आकडा आणि रंगीत इमेज मी भांडून घेतली.

पुढे बायोप्सी, कॅन्सर निघाला. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात ऑपरेशन झालं, काखेतली पहिली लसिकाग्रंथी, जिथं छातीतून निघालेल्या पेशी आधी पोचतात ती, काढून बघितली तर तिथंही कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या. आणि घरी आल्यावर मावशीनं मला विचारलं, तू शाळेत बायॉलॉजी शिकवतेस ना, मग सांग, गाठ एवढी दगडासारखी होती तर ती काखेत गेली कशी, दगड कधी चालतो का?

मला त्यावेळी उत्तर देता आलं नाही. आठवडाभर वाचलं. गंमत अशी की ताठ असतो तो पेशींच्या भोवतीचा पसारा, कॅन्सरची पेशी स्वतः उलट मऊ असते. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात पेशंटांच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशी बारीक सुईनं एकेक दाबून बघितल्या, तर कॅन्सरच्या पेशी शेजारच्या चांगल्या पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. भोवती असतात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे, साध्या ऊतीत ते पिंजलेल्या काथ्यासारखे सैल, आणि गाठीभोवती एक एन्झाइम त्यांना एकमेकांत गुंतवून पीळ घातलेल्या सुंभासारखे ताठ करतं. अमेरिकेतल्या संशोधक व्हॅलेरी वीव्हर यांच्या लॅबनं २००५ मध्ये दाखवलं की स्तनाच्या चांगल्या पेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या तर छान गोल पोकळ पुंजके करतात आणि तेच जेल ताठ केलं की आकार सोडून बाहेर पसरायला लागतात. म्हणजे ताठरपणा ही नुसती खूण नाही, तो पेशीला ढकलतो पण. उंदरांत ते एन्झाइम अडवलं तर गाठी उशिरा आल्या, हे २००९ चं काम.

मावशीला मी फणसावरून सांगितलं. रसाळ फणसाचा गरा कसा बोटांतून सुळकन निसटतो, तशी ती पेशी ताणलेल्या धाग्यांच्या फटीतून सरकते. अडतं कुठं तर आतल्या बिकणापाशी, म्हणजे आठळीपाशी, पेशीचं बिकण म्हणजे केंद्रक, सगळ्यात कडक भाग तोच. फारच अरुंद फट असेल तर केंद्रक चेपतं, कधी त्याचं आवरण फाटतं, आतल्या डीएनएला इजा होते, आणि पेशी ते शिवून पुढे जाते. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, म्हणजे दगड नाही चालला, दगडातला गरा चालला.

इतकं बरोबर मला वर्गात पण सांगता आलं नसतं.

हे सगळं लिहायचं कारण, ही दोन्ही यंत्रं त्या पसाऱ्याचा ताठरपणा मोजतात. गाठ शोधायला ते उत्तम, मावशीची सापडली ती त्याच्यामुळेच. पण पेशी सुटून गेल्या की नाही ते त्या आकड्यात नसतं, ते काखेच्या आणि बाकीच्या तपासण्यांतच कळतं, म्हणून १४२ आलं म्हणजे शेवटची स्टेज आणि ४० आलं म्हणजे सुटलो असं कोणी धरू नका. सेंटरच्या बाकावर दोन बायका आपापले आकडे असे ताडून बघत होत्या, मला बघवलं नाही. म्युसिनससारखे, म्हणजे पेशींभोवती बुळबुळीत चिकट द्रव असलेले, काही कॅन्सर मऊच असतात. हाताला लागणार नाही असे बारीक चुन्याचे कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात, त्यामुळे आरोग्य केंद्रात हिरवं आलं तरी डॉक्टरांनी मॅमोग्राफी सांगितली असेल तर ती टाळू नका.

आरोग्य केंद्रातल्या तपासणीला माझ्याकडून पाचपैकी पाच, त्यातले दोन त्या नर्सबाईंचे. खाजगी इलास्टोग्राफीला तीन, तेही डॉक्टरीणबाईंमुळे. जाताना पुढून उघडणारा ब्लाउज घाला, जेवून जा, हात हलका ठेवा म्हणून सांगायला लाजू नका आणि इमेज मागून घ्या. मावशीचे चार केमो झालेत, केस गेलेत, तोंडाला चव नाही, पण गेल्या बुधवारी दोन्ही सुनांना घेऊन ती स्वतः त्याच आरोग्य केंद्रात गेली आणि पडद्याच्या आत त्यांच्याजवळ उभी राहिली.