एएमएच सात पटीने वाढलं, त्याची गोष्ट

तेव्हा माझं वय ३७ आणि एएमएच, म्हणजे अंडाशयात किती बीजांडं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारं संप्रेरक, १.१. आयव्हीएफ करायचं असेल तर वेळ दवडू नका, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या होत्या. मी चार महिने दवडले.

ओळखीतून एका ॲक्युपंक्चरवाल्याकडे गेले. त्याने एक कागद पुढे सरकवला: २००२ चा जर्मनीतला अभ्यास, १६० स्त्रिया, सुया टोचलेल्या गटात ४२.५ टक्के गर्भधारणा, दुसऱ्यात २६.३. अभ्यास खरा आहे. पण त्यात सुया भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या आधी आणि नंतर २५-२५ मिनिटं, एवढ्याच होत्या. शिवाय ज्यांची भ्रूणं मुळात चांगली होती, अशाच स्त्रिया घेतल्या होत्या. मला मात्र ‘आधी बीजांडं सुधारू, मग आयव्हीएफ’ म्हणत १२ सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं. पैसे आगाऊ. ‘डॉक्टरांना इतक्यात सांगू नका, त्यांना हे पटत नाही.’ इथेच उठायला हवं होतं.

बारावं सिटिंग झालं आणि त्याने सांगितलेल्या लॅबमधून रिपोर्ट आला: ७.८. त्याने लाल पेनाने आकड्याभोवती गोल काढला. ‘सात पट!’ मी तिथेच रडले आणि आणखी १२ सिटिंगचे पैसे भरले.

शेवटी न राहवून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, दुसरा पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्यातला १ म्हणजे दुसऱ्यातले ७.१४. म्हणजे माझं एएमएच होतं तिथेच होतं. तुमच्या हातात असे दोन रिपोर्ट असतील तर आकड्याच्या पुढची अक्षरं आधी वाचा, आणि तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

डॉक्टरांनीच मग २०१८ चा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला अभ्यास सांगितला. ८४८ स्त्रिया, खऱ्या सुयांनी १८.३ टक्क्यांना बाळ झालं, लुटुपुटूच्या सुयांनी १७.८. तो कागद मला कुणी दाखवला नव्हता.

सुयांवर माझा राग नाही. त्या दिवसांत झोप छान लागायची. तेवढ्यासाठी कुणी जात असेल तर जावं, उपचार न थांबवता आणि डॉक्टरांना सांगून.

‘गर्भ न राहिल्यास अर्धे पैसे परत’ अशी चिठ्ठी होती. तिच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: २४ सिटिंग पूर्ण हवीत. माझी १६ झाली होती. रिपोर्ट अजून माझ्याकडे आहे. नीट पाहिलं तर लाल गोलाची रेघ बरोबर एककावरून गेली आहे.