कॉटकी आधी ऐकायचा का कूडर-भट्ट?

आमच्या परभणीतला एक पोरगा, गिटार घेऊन वर्ष झालं त्याला, आता विचारायलाय की दादा गाणं नसलेला, नुसत्या गिटारीचा एक अल्बम सांगा. एकच कसा सांगू, मला दोन सुचतात आणि त्या दोघांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही.

पहिला अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकीचा, १९६९ चा, 'सिक्स अँड ट्वेल्व्ह स्ट्रिंग गिटार'. कव्हरवर आर्माडिलो (अंगावर कवच असलेला अमेरिकेतला प्राणी) काढलाय म्हणून लोक त्याच नावानं ओळखतात. १४ चाली, बहुतेक दोन-तीन मिनिटांच्या, सोबतीला कुणी नाही, तरी पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं दोघं बसून वाजवायलेत. सगळी गंमत अंगठ्याची. गोंधळात संबळ ऐकला असशील, एका अंगाला घुमारा आणि दुसऱ्या अंगाला कडक टाप, तसं इथं अंगठा जाड तारांवर ठेका सोडत नाही आणि बाकीची बोटं वर चाल खेळवतात, म्हणजे एकाच हातात दोन माणसं. त्यात बारा तारा म्हणजे सहा जोड्या, जाडीकडच्या चार जोड्यांत एक तार खर्जाची आणि दुसरी वरच्या सप्तकातली, त्यामुळं भजनात बुवा आणि एखादं बारकं पोरगं तीच ओळ म्हणायलेत असं वाटतं. (गायला का नाही? स्वतःच्या आवाजाला त्यानं कव्हरवर दमट दिवसातल्या हंसांच्या पादण्याची उपमा दिलीय, विषय संपला.)

पण सलग ऐकलं की दमवतो हो. स्पीड लई. आणि हे पण सांगतो, पुढं ८० च्या दशकात त्याच्या हाताला त्रास झाला, बोटात घालायच्या नख्या सोडाव्या लागल्या, वाजवायची पद्धतच बदलावी लागली, म्हणून पहिल्याच महिन्यात त्याच्या वेगाच्या मागं पळू नको.

दुसरा 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३, अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि आपले मोहनवीणावाले विश्वमोहन भट्ट. चारच ट्रॅक, चाळीसेक मिनिटं. रेकॉर्डिंगच्या जेमतेम अर्धा तास आधी पहिल्यांदा भेटलेली माणसं कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये बसून वाजवतात, सोबत तबला आणि कूडरचा १४ वर्षांचा पोरगा डुंबेकवर (अरबी ढोलकीच म्हण). १९९४ ला ग्रॅमी मिळालं. हे म्हणजे ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) आणि रागदारीचं मिश्रण, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपल्या कानाला लहानपणापासून ओळखीची असते म्हणून लगेच आत शिरतं. कॉटकी लावला की आई म्हणते डब्यात माशी कोंडली का काय, हा लावला तर शेंगा सोलत शेवटपर्यंत बसली.

मग घ्यायचा कोणता? रात्री गच्चीवर पडून ऐकायचं असेल तर डोळे झाकून भट्ट-कूडर. पण तुझ्या हातात साधी गिटार आहे आणि भट्टांच्या मोहनवीणेला चिकारी, तरफा असल्या जादा तारा धरून वीस तारा, ती मांडीवर आडवी ठेवून स्लाइडनं (तारांवर घासत फिरवायची कांडी) वाजवतात, त्यातलं तू उचलणार काय? म्हणून आधी कॉटकी. मोबाईलच्या स्पीकरवर नको, अंगठ्याचा खर्ज सगळा गायब होतो, हेडफोन लाव. सुरुवात त्यातल्या बाखच्या (जुना जर्मन संगीतकार) चालीपासून कर, ओळखीची आहे, अंगठा आणि बोटं वेगवेगळी ऐकू येतात. त्याच अल्बममधल्या 'व्हॅसलिन मशीन गन'च्या नादी मात्र एवढ्यात लागू नको, तिथं स्लाइड आहे आणि ट्यूनिंगच वेगळं, तारा तोडून बसशील.