उंदीर की माणूस: कॅल्शियमला कोणाचा पेसमेकर जास्त हळवा?

उंदराचं हृदय मिनिटाला सुमारे 600 वेळा धडधडतं, माणसाचं विश्रांतीत 60 ते 100. सायनस नोडमधल्या, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या हृदयातल्या नैसर्गिक पेसमेकरमधल्या पेशी दोघांकडेही आहेत, कॅल्शियम आत घेणारी कॅव्ह 1.3 ही वाहिनीही तीच. ती निकामी झाली तर उंदीर बहिरा होतो आणि त्याचे ठोके मंदावतात. 2011 मध्ये माणसांतही हीच जोडी सापडली. कानातही तीच वाहिनी काम करते ना!

फरक वेळेचा आहे. उंदराच्या दोन ठोक्यांत जेमतेम दशांश सेकंद जातो. माणसाची पेशी मात्र जवळजवळ सेकंदभर, अगदी क्षीण विद्युतप्रवाहांच्या जोरावर हळूहळू ठोका सुरू होण्याचा उंबरठा गाठते. तिथे पेशीबाहेरचं, रक्तातलं कॅल्शियम घटलं की ठोका लांबतो. म्हणून उंदरावरचे आकडे जसेच्या तसे रुग्णाला लावू नयेत, असं मला वाटतं.