घोड्यांच्या ‘ऋतुचर्या चूर्णा’ने झालेली फसवणूक

घोड्यांसाठी ‘संपूर्ण वनस्पतीजन्य, ऋतूनुसार बनवलेले’ चूर्ण म्हणून जे आम्हाला विकण्यात आले, त्यात प्रत्यक्षात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेले होते. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यानंतर आणि तक्रार दाखल केल्यानंतरच हे लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण चालू आहे. शिवाय असा माल विकणाऱ्यांना नाव बदलायला वेळ लागत नाही. त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

आमचे घोडे माथेरानला चालतात. तेथे मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे प्रवासी आणि सामान यांचा बराच भार घोड्यांवर असतो. पावसाळ्यात मात्र पर्यटक ओसरतात, नेरळहून वर येणारी छोटी रेल्वेगाडी बंद होते (अमन लॉज ते माथेरान एवढाच टप्पा चालू राहतो) आणि अनेक घोडेमालकांप्रमाणे आम्हीही जनावरे खाली आणतो. हा काळ कमाईचा नसून निगराणीचा असतो. कोवळ्या ओल्या गवताने पोटात वायू धरतो, सतत चिखलात उभे राहिल्याने खुराच्या तळाचा मऊ भाग कुजू लागतो आणि चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवीचा आजार होण्याची धास्ती असते. थोडक्यात, उत्पन्न नाही आणि काळजी मात्र दुप्पट, अशा दिवसांतच हे विक्रेते तबेल्यापर्यंत पोहोचतात.

आमच्याकडे आलेले गृहस्थ स्वतःला वैद्य म्हणवत. ते ओळखीच्या एका मोतद्दारामार्फत, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकरामार्फत, आले होते. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकामागे दलाली मिळत होती, हे पुढे कळले. त्यांच्या बोलण्यातला मोठा भाग खरा होता, आणि फसवणुकीचे खरे बळ त्यातच होते. वर्षा ऋतूत वाताचा, शरदात पित्ताचा आणि वसंतात कफाचा प्रकोप होतो, हे आयुर्वेदात सांगितलेलेच आहे. शालिहोत्राच्या, म्हणजे घोड्यांच्या जुन्या वैद्यकाच्या, परंपरेचा आपल्याकडे आदरही आहे. पावसाळ्यात चंदीबरोबर, म्हणजे घोड्याच्या रोजच्या दाण्याबरोबर, चिमूटभर सुंठ, ओवा व काळे मीठ देणे आणि थंडीत शिजवलेले जवस देणे हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आले आहे. वैद्यांनी या सवयींचे कौतुक केले आणि त्यांचेच शास्त्रशुद्ध रूप म्हणून सहा ऋतूंच्या सहा चूर्णांचा वार्षिक संच पुढे ठेवला. पहिल्या ऋतूची पिशवी नमुन्यादाखल जवळजवळ फुकट होती, आणि गुण आला तर उरलेल्या पाच ऋतूंचे पैसे आगाऊ भरायचे होते.

गुण आला, आणि तोही थक्क करणारा. आमची एक वयस्क घोडी पुढच्या पायाने बरेच महिने लंगडत असे. ती चूर्ण सुरू झाल्यावर आठवडा पुरा होण्याच्या आत सरळ चालू लागली. तिची भूक वाढली, डोळ्यांत तरतरी दिसू लागली आणि शेजारच्या तबेल्यातले लोक पिशवी पाहायला येऊ लागले. आज मागे वळून पाहताना हा वेगच सर्वांत संशयास्पद वाटतो. सुंठ, हळद, गुळवेल किंवा अश्वगंधा यांचा परिणाम होतो असे धरले, तरी तो हळूहळू होतो. महिनोन्‌महिन्यांचे लंगडणे काही दिवसांत नाहीसे करणारा पदार्थ पिशवीत असेल, तर तो बहुतेक वेळा लेबलावर न छापलेला असतो. स्टेरॉइड दाह दाबते, भूक वाढवते आणि जनावर तरतरीत दाखवते, पण मूळचा सांध्याचा आजार जागच्या जागी राहतो. वेदना न जाणवल्यामुळे जनावर त्या पायावर अधिकच भार टाकते.

उरलेल्या संचाचे पैसे आम्ही भरले. रक्कम एका व्यक्तीच्या खात्यावर मोबाइलवरून मागण्यात आली. बिल मागितल्यावर कच्ची पावती मिळाली आणि पक्के बिल ‘संपूर्ण संच पोहोचल्यावर’ देण्याचे आश्वासन मिळाले.

दुसऱ्या पिशवीनंतर घोडी अतोनात पाणी पिऊ लागली, तिची उभी राहण्याची जागा लघवीने सारखी ओली राहू लागली आणि खोगिराखाली झालेली एक साधी जखम भरेना. फोन केल्यावर जे उत्तर मिळाले, ते नीट लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऋतुसंधीचा काळ चालू आहे, साचलेले दोष बाहेर पडत आहेत, आत्ता चूर्ण थांबवले तर आतापर्यंतचे सर्व वाया जाईल, असे आम्हाला सांगण्यात आले. आता ऋतुसंधी ही कल्पना विक्रेत्याने बनवलेली नाही. एका ऋतूचा शेवटचा आणि पुढच्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून तो काळ मानला जातो आणि त्यात आहारविहार हळूहळू बदलावा असे सांगितले आहे. परंतु सहा ऋतूंचा संच विकणाऱ्याला या कल्पनेतून वर्षभरासाठी तयार सबबी मिळतात. गुण आला तर श्रेय चूर्णाला आणि अपाय झाला तर दोष ऋतूला, अशी ही सोय आहे. आगाऊ घेतलेले पैसे गिऱ्हाइकाला बांधून ठेवतात आणि ऋतुसंधी त्याला गप्प ठेवते.

त्यानंतर एका सकाळी घोडी जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन ती उभी होती. पुढची खुरे हाताला गरम लागत होती आणि खुरावरच्या भागात नाडीचे ठोके बोटांना जोरात जाणवत होते. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहताक्षणी लॅमिनायटिस असल्याचे सांगितले. या रोगात खुराची भिंत आणि आतले हाड यांना जोडणाऱ्या नाजूक थरांना सूज येते, आणि दुखणे वाढत गेले तर ते हाड जागेवरून सरकते. चंदीत बदल झालेला नव्हता, घोडी दाण्याच्या पोत्यात तोंड घालून बसलेली नव्हती, म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला की बाहेरचे काही देत आहात का. पिशवी दाखवल्यावर त्यांनी जी शंका बोलून दाखवली, तीच पुढे अहवालात खरी ठरली.

त्यांनी त्याच वेळी दिलेली एक सूचना प्रत्येक घोडेमालकाला ठाऊक असली पाहिजे. असे चूर्ण पुष्कळ दिवस पोटात गेले असेल, तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यामुळे शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी मंदावलेल्या असतात, आणि पुरवठा एकाएकी तुटला तर जनावर कोसळू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावून पुढचे उपचार त्यांच्या देखरेखीखालीच ठरवावेत. दुसरा धोका रोगप्रतिकारशक्तीचा आहे. ती ज्या पावसाळ्यात सर्वाधिक लागते, त्याच पावसाळ्यात हे ‘वर्षा चूर्ण’ ती दाबून टाकत होते.

तपासणीसाठी आम्ही उघडलेल्या पिशवीतले चूर्ण आणि एक न उघडलेली पिशवी असे दोन्ही नमुने दिले. उघडलेल्या मालात तुम्हीच काहीतरी मिसळले, हा विक्रेत्याचा पहिला बचाव असतो, आणि तो पुढे तसाच झाला. प्रयोगशाळेला ‘यात काय आहे ते पाहा’ असे मोघम सांगून भागत नाही. स्टेरॉइड आणि वेदनाशामके यांची चाचणी स्पष्टपणे मागावी लागते. दोन्ही नमुन्यांत डेक्सामेथासोन सापडले. अहवालाची प्रत पाठवल्यावर वैद्यांचा फोन बंद झाला आणि उरलेल्या ऋतूंच्या पिशव्या अर्थातच आल्या नाहीत.

लेबलाची गंमत नंतर बारकाईने पाहिली. वर घोड्याचे चित्र आणि ‘आयुर्वेदिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, तळाशी मात्र ‘हे औषध नसून पशुखाद्य पूरक आहे’ अशी बारीक ओळ. शेजारी चौदा आकडी क्रमांक होता, जो मान्यतेचा पुरावा म्हणून आम्हाला दाखवण्यात आला होता. तो माणसांच्या खाद्यपदार्थांच्या व्यवसायाचा परवाना क्रमांक निघाला, आणि त्याचा जनावरांच्या औषधाशी काहीही संबंध नसतो. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर जनावरांसाठीची औषधेही येतात. त्यामुळे रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असायला हवी. आमच्या पिशवीवर बॅच क्रमांकाच्या जागी नुसते ‘वर्षा’ लिहिलेले होते.

संचाच्या घटकांच्या यादीत वसंताच्या चूर्णात लसूणही भरपूर होता. ते चूर्ण आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही हे बरे झाले, कारण लसूण जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ दिल्यास घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होतो. म्हणजे भेसळ नसती तरी संच निर्धोक नव्हता. घोड्याला उलटी करता येत नाही. नको ते पोटात गेले तर ते बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्यापाशी नाही, आणि ‘झाडपाल्याने काय होणार’ हे वाक्य त्याच्या बाबतीत तर मुळीच लागू पडत नाही.

तक्रार आम्ही दोन ठिकाणी केली आहे. एक अन्न व औषध प्रशासनाकडे, भेसळ आणि विनापरवाना औषधाबद्दल. दुसरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे, पैसे आणि उपचारांच्या खर्चाबद्दल. ग्राहक आयोगात समोरून असा मुद्दा येऊ शकतो की घोडा हे धंद्याचे साधन आहे, तेव्हा मालक हा ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तू व्यापारी हेतूच्या बाहेर ठेवल्या आहेत, आणि एकदोन घोड्यांवर घर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि प्राथमिक मार्गदर्शन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. पैसे भरल्याचा मोबाइलवरील पुरावा, संदेशांची देवाणघेवाण, रिकाम्या पिशव्या आणि डॉक्टरांची टिपणे यांपैकी काहीही फेकू नये. विशेषतः ‘दोष बाहेर पडत आहेत, चूर्ण थांबवू नका’ अशा आशयाचा संदेश असेल तर तो जपून ठेवावा, कारण चूर्ण औषध म्हणूनच विकले जात होते हे त्यावरून दाखवता येते.

घोडी आज चालते, पण भार वाहू शकत नाही, आणि तिच्या खुरांना दर खेपेस डॉक्टर व नालबंद यांच्या विचाराने वेगळ्या प्रकारे नाल मारावी लागते. सुंठ आणि ओवा आम्ही अजूनही देतो, मात्र अखंड स्वरूपात विकत आणून घरी कुटलेला आणि डॉक्टरांना दाखवून प्रमाण ठरवलेला. नेरळ, कर्जत आणि महाबळेश्वर या भागांत कोणाला सहा ऋतूंचा असा संच देऊ केला गेला असेल, तर त्यांनी एक पिशवी न उघडता बाजूला ठेवावी. आमच्या अहवालाबरोबर दुसऱ्या तबेल्यातला नमुना जोडला गेला, तर माल मुळातच भेसळीचा होता हे सिद्ध करणे सोपे जाईल.