मरीन प्लायच्या नावाखाली पार्टिकल बोर्ड: ड्राय बाल्कनीच्या कामात झालेली फसवणूक

पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, नऱ्हे या पट्ट्यात ज्यांच्या घरी फर्निचरचं काम निघालं आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. आम्हाला फसवणारा माणूस अजूनही याच भागात कामं घेतो आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्याने त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याने जे केलं ते कसं केलं, हे कळलं तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

काम छोटंच होतं. स्वयंपाकघराला लागून सात फुटांची ड्राय बाल्कनी. तिथे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि भिंतीवर पाइपगॅसचा मीटर. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली बसून कपड्यांच्या घड्या घालणं तिला जमत नाही. म्हणून मशीनच्या वर उभ्याने घड्या घालता येतील असा ओटा हवा होता. भिंतीवर साबण, पावडर, लिक्विड ठेवायला कपाटं, एका टोकाला झाडू, मॉप आणि इस्त्रीचं टेबल मावेल असं उंच कपाट, आणि मशीनशेजारी मळक्या कपड्यांची ओढून बाहेर काढायची जाळी. एवढंच.

कोटेशन नीटनेटकं होतं. १,६०० रुपये स्क्वेअर फूट, समोरून ३० स्क्वेअर फूट, एकूण ४८,०००. वर जीएसटी वेगळा. मटेरियलच्या रकान्यात ‘आयएस ७१० बीडब्ल्यूपी मरीन प्लाय’ (आयएस ७१० या भारतीय मानकाचा, उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय), चांगल्या कंपनीच्या सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या आणि दहा वर्षांची वॉरंटी. पैसे द्यायचे ते निम्मे आधी, ४० टक्के माल घरी पोचल्यावर आणि १० टक्के काम संपल्यावर. ही वाटणी आता बघितली की सगळं त्यातच दिसतं: कपाटं उभी राहायच्या आत ९० टक्के पैसे त्याच्या खिशात.

पहिल्या भेटीत त्याने पिशवीतून प्लायचा तुकडा काढला आणि आमच्याच पेल्यात बुडवून ठेवला. चहा होईपर्यंत तुकडा पाण्यात. बाहेर काढून पुसला आणि आईच्या हातात दिला, ‘बघा काकू, काही झालं का?’ काहीच झालं नव्हतं. पण होणारही नव्हतं. अर्ध्या तासात साधा कमर्शियल प्लायसुद्धा पाण्यात उकलत नाही. आयएस ७१० च्या प्लायची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. आयएस ३०३ या साध्या प्लायच्या मानकातल्या बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही काळ सोसणाऱ्या) ग्रेडला ८ तास उकळतात, आणि ज्याला आपण एमआर (फक्त ओल सोसणारा) किंवा कमर्शियल म्हणतो त्याला ३ तास ६० अंशांच्या पाण्यात ठेवतात. फरक आतल्या गोंदाचा असतो. मरीनमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड, एमआरमध्ये सहसा युरिया फॉर्माल्डिहाइड. हा फरक पेल्यातल्या पाण्याने कळत नाही, आणि तो तुकडा खरा मरीन असला तरी आपल्या घरात येणारी शीट तीच, असं त्याने मुळीच सिद्ध होत नाही. कुणी घरी येऊन पेला मागितला तर तिथेच सावध व्हा.

विश्वास बसावा म्हणून त्याने दिलेला दुसरा पुरावा फोटोंचा. काम वर्कशॉपमध्ये करून तयार बॉक्स आणायचे ठरलं होतं. ‘घरात धूळ नाही, ठोकाठोकी नाही, मॅडम’. माल घेतल्याच्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर शीटच्या थप्पीचे फोटो आले. आयएसआयचा शिक्का, त्याखाली ७१०, शेजारी सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबर. माझ्या नवऱ्याने बीआयएस केअर या आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ॲपवर तो नंबर टाकून बघितला. परवाना खरा, चालू, कंपनीही नावाजलेली. फोटोतली शीट अस्सलच होती. ती आमच्या घरी मात्र आली नाही. पुढे शेजारच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाशी ओळख झाली, त्यांच्या मोबाइलमध्येही हाच फोटो निघाला. तीच थप्पी, कोपऱ्यात तीच निळी बादली.

बॉक्स आले ते आतून-बाहेरून लॅमिनेट चिकटवलेले, कडांना पट्टी मारलेले. आत काय आहे हे दिसायला एकही उघडी कड समोर नव्हती. रेडिमेड बॉक्समध्ये याच गोष्टीचा फायदा घेतला जातो. सुतार घरी काम करत असेल तर शीट जिना चढून आपल्या डोळ्यांसमोर येते, कापली जाते, तुकडे पडतात. वर्कशॉपच्या कामात ग्राहकाला दिसते ती फक्त वरची चामडी.

बॉक्स भिंतीला लागले, पण दारं बसवायच्या आधी त्याने टेप काढला आणि हिशेब मांडला: ८४ स्क्वेअर फूट. आम्ही म्हटलं, ३० ठरले होते. तो म्हणाला, ‘ते फ्रंट झालं मॅडम, बाजू, तळ, फळ्या कोण धरणार?’ ८४ गुणिले १,६००, म्हणजे १,३४,४००. त्यातून दिलेले ४३,२०० वजा करून ९१,२०० रुपये मागितले.

मापाबद्दल इथे थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्यात सगळ्यात जास्त पैसे याच जागी जातात असं माझं मत झालं आहे. फर्निचर मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही रीतसर आहेत. एकीत फक्त समोरची बाजू मोजतात, उंची गुणिले रुंदी. त्या दरात आतल्या फळ्या, बाजू, पाठ, बिजागऱ्या, मजुरी सगळं धरलेलं असतं, म्हणून दर मोठा असतो. दुसरीत प्रत्येक फळी उलगडून मोजतात. क्षेत्रफळ दुप्पट-तिप्पट होतं, म्हणून दर त्या मानाने कमी असतो. लबाडी केली जाते ती दर पहिल्या पद्धतीचा आणि माप दुसऱ्या पद्धतीचं लावून. कोटेशनवर फक्त ‘स्क्वेअर फूट’ लिहिलेलं असतं, कशाचे ते लिहिलेलं नसतं. आमच्या कोटेशनवर ३० हा आकडा होता, पण त्याखाली बारीक अक्षरात ‘प्रत्यक्ष मोजमापानुसार’ असं छापलं होतं. त्या एका ओळीच्या जोरावर तो भांडत होता.

दारं आणि बिजागऱ्या त्याच्या टेम्पोत होत्या. पैसे मिळाल्याशिवाय उतरवणार नाही म्हणाला. घरात अर्धवट बॉक्स, मशीन हॉलमध्ये, बादल्या पॅसेजमध्ये, आई त्यातून वाट काढत चाललेली. वाद घालून घालून शेवटी तीस हजारांवर तडजोड झाली. पैसे त्याने यूपीआयने एका तिसऱ्याच माणसाच्या नावावर घेतले. बिल ‘दोन दिवसांत पाठवतो’ म्हणाला. ते आलंच नाही.

खरी गोष्ट बाहेर आली ती प्लंबरमुळे. मशीनचा पाण्याचा पाइप आणि आउटलेट शेजारच्या बॉक्समधून न्यायचे होते. त्यासाठी बॉक्सच्या बाजूला भोक पाडताना ड्रिलखालून भुसा गळायला लागला. प्लायला भोक पाडलं की आडव्या-उभ्या थरांची कड दिसते, एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांसारखी. इथे थर नव्हतेच, नुसता लाकडाचा दाबलेला चुरा, म्हणजे पार्टिकल बोर्ड. प्लंबर हातातलं मशीन थांबवून म्हणाला, ‘ताई, हे प्लाय नाही.’ मग आम्ही उंच कपाट भिंतीपासून पुढे ओढून मागची कड बघितली, पट्टी न मारलेली. तिथेही पार्टिकल बोर्ड. पाठीला सहा एमएमचा प्लाय लिहिला होता, निघाला एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड. दारं तेवढी प्लायची होती, कारण बिजागरीच्या वाटीसाठी दाराला ३५ एमएमचं भोक पडतं आणि ते ग्राहकाला दिसू शकतं.

ज्या खोलीत रोज पाणी सांडतं, पावसाळ्यात ग्रिलमधून तुषार येतात, तिथे पार्टिकल बोर्ड लावणं म्हणजे नुसती पैशांची फसवणूक नाही. त्याची कड पाणी शोषते, फुगते, आणि वाळल्यावर परत बसत नाही. फुगलेल्या जागी स्क्रू धरत नाही. आमच्या खालच्या बॉक्सचा तळ पहिल्याच पावसाळ्यात उचलला गेला. वरची कपाटं तर भिंतीवर स्क्रूच्याच आधाराने लटकलेली, त्यात पाच-पाच लिटरचे कॅन, आणि खाली आई उभी राहून घड्या घालणार. ती आम्ही पार्टिकल बोर्ड निघाला त्याच दिवशी रिकामी केली.

गॅसचा मीटर आणि व्हॉल्व्ह त्याने बंद कपाटात घेऊन टाकला होता, हवा जायला जाळी नाही, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचायला आधी फळी काढावी लागे. याचा मला पैशांहून जास्त राग आहे. गॅस गळला तर तो कपाटात साठणार. ड्राय बाल्कनीत मीटर असेल तर ती जागा उघडी किंवा जाळीची ठेवा, आणि व्हॉल्व्ह एका हाताच्या झटक्यात बंद करता आला पाहिजे.

मशीनचंही तसंच. फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच असतं. त्याने बरोबर २४ इंचांचा खण ठेवला, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सेंटिमीटरभरच मोकळं. कपडे पिळताना मशीन हलतं, ते बॉक्सवर आपटायला लागलं. मागे पाइप वळायला जागा हवी, नळ मशीन न ओढता बंद करता यायला हवा, आणि खालच्या कोपऱ्यातली फिल्टरची झडप उघडण्याइतकी पुढची जागा मोकळी हवी. ही सगळी मापं आम्ही कागदावर दिली होती. तो कागद पोचल्याचा त्याचा ‘ओके मॅडम’ आमच्याकडे आहे, आणि आता तोच तक्रारीला जोडला आहे.

जीएसटी नंबर आम्ही यानंतर तपासला. पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीचं नाव आणि स्थिती दिसते, लॉग इनसुद्धा करावं लागत नाही. कोटेशनवरचा नंबर २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचाच, पण नोंदणी रद्द झालेली आणि नाव भलत्याच धंद्याचं. ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे तपासायला मिनिटभर लागतं. पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नाव आणि नोंदणीचं नाव जुळत नसेल तर पैसे देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलो.

वॉरंटीबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, ‘प्लाय कंपनीकडे जा.’ कंपनी शीटचं खरेदी बिल मागणार. ते त्याच्याकडे असायचं कारणच नव्हतं, कारण शीट घेतलीच नव्हती.

आधी आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्याने उत्तर दिलं नाही. मग वकिलामार्फत नोटीस, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार. वस्तू किंवा कामासाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे समोरच्याचा पत्ता खोटा निघाला तरी तक्रार कुठे करायची हा प्रश्न उरत नाही. अर्थात नोटीस पोचायला त्याचा ठावठिकाणा लागतोच. आमच्या बाबतीत यूपीआयचे व्यवहार आणि टेम्पोचा नंबर उपयोगी पडले. नोटीस मिळाल्यावर त्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात.

वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, बोर्डाचा एकही तुकडा टाकू नका. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून फुगलेला तळ, भोक पाडलेली बाजू आणि पाठीचा एमडीएफ आम्ही तारीख लिहून, फोटो काढून माळ्यावर ठेवलं आहे. राग येऊन ते भंगारात दिलं असतं तर हातात फक्त व्हॉट्सॲपचं संभाषण उरलं असतं.

नवीन कपाटं आता घरीच होत आहेत. शीट आम्ही स्वतः भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणल्या. दुकानात प्रत्येक शीटवरचा शिक्का बघितला, पक्कं बिल घेतलं, बिलावर ग्रेड, जाडी आणि नग लिहून घेतले. सुताराला मजुरी वेगळी, तीही टप्प्याटप्प्याने. बॉक्स उभा राहिल्यावर, लॅमिनेट चढायच्या आधी एक हप्ता, लॅमिनेट झाल्यावर दुसरा, मशीन जागेवर लावून पाणी सोडून बघितल्यावर शेवटचा. सुतार कुरकुरला नाही. उलट कापलेल्या कडा त्याने आपणहून दाखवल्या.

तुमच्याकडेही निळ्या बादलीचा तो फोटो आला असेल, तर तुमच्या कपाटांची भिंतीकडची कड आजच बघा. पार्टिकल बोर्ड निघाला तर तुकडा जपून ठेवा, कोटेशन, पैसे दिल्याचे पुरावे आणि संभाषण एका ठिकाणी काढून ठेवा. फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. शेजारच्या सोसायटीतल्या त्या कुटुंबाने त्यांची तक्रार दाखल केली आहे. आणखी कोणी असाल तर तुम्हीही करा.