16 चं 64 करा, थेट 40 नको: पिक्सेल आर्ट मोठं करण्याचा काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगते. निअरेस्ट नेबर पद्धत (नवा पिक्सेल जवळच्या जुन्या पिक्सेलचा रंग जसाच्या तसा घेतो) आणि पूर्ण पट, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट, एवढं पाळलं की ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेलं चित्र काठोकाठ धारदार राहतं. स्प्राइट (खेळातली पात्रं-वस्तूंची छोटी चित्रं), आयकॉन आणि टाइल्ससाठी (जोडून पार्श्वभूमी बनवायचे तुकडे) मी ॲसप्राइट, गिम्प आणि इमेजमॅजिक ही तिन्ही सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरतेय. सेटिंग बरोबर असेल तर तिन्हींमधून येणारं चित्र तंतोतंत सारखं असतं. त्यामुळे कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं यावर डोकं खपवू नका.

गडबड होते ती सॉफ्टवेअरने आपोआप निवडलेल्या पद्धतीमुळे. उदाहरणार्थ बायक्युबिक: ते एकेका नव्या पिक्सेलसाठी आजूबाजूचे 16 जुने पिक्सेल बघतं आणि त्यांच्यामधला रंग काढतं. फोटोला हे छान मानवतं. पण 16 बाय 16 च्या चेहऱ्यात डोळा म्हणजे एकच काळा ठिपका असतो. तो पसरून करडा होतो, मोजून निवडलेल्या चार रंगांच्या जागी ढिगाने मधल्या छटा येतात आणि पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर कडेला अर्धपारदर्शक झालर उरते. गिम्पमध्ये इमेज मोठी करताना इंटरपोलेशनला (नव्या पिक्सेलचा रंग ठरवायची पद्धत) 'नन' निवडा, तेच निअरेस्ट नेबर. इमेजमॅजिकमध्ये रिसाइझच्या आधी 'पॉइंट' फिल्टर द्यावा लागतो, तोही तेच करतो. ॲसप्राइटची मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे मूळ फाइल छोटीच राहते आणि एक्स्पोर्ट करताना टक्केवारी निवडून मोठी प्रत मिळते. मूळ चित्रावर कधी हातच लावावा लागत नाही.

आता पूर्ण पटीबद्दल, कारण सगळी मेख इथेच आहे. 16 पिक्सेल रुंदीचं चित्र थेट 40 केलं तर पट येते अडीच. अर्धा पिक्सेल काही अस्तित्वात नसतो, म्हणून मूळ चित्रातला पिक्सेलांचा एक उभा रकाना 2 पिक्सेलचा, पुढचा 3 चा, असं आलटून पालटून होतं. समोरून काढलेला चेहरा घ्या. डावा डोळा सहाव्या रकान्यात असेल, तर उजवा अकराव्यात. म्हणजे एक सम आणि एक विषम. रुंदी सम असली की आरशातल्या जोडीचं हे कायम असंच होणार. त्यामुळे एक डोळा 3 पिक्सेल रुंद आणि दुसरा 2. धार शाबूत असते, तरी चेहरा तिरळा वाटतो, आणि का ते पटकन लक्षात येत नाही.

40 च हवं असेल तर आधी पाचपट करून 80 करा, मग बॉक्स किंवा बायलिनिअरने (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणाऱ्या पद्धती) बरोबर निम्मं करा. काही सीमांवर एक पिक्सेल मिश्र रंगाचा येतो, पण दोन्ही डोळे सारखे राहतात. मला हा सौदा नेहमीच परवडला आहे.

'हुशार' पद्धतींचंही सांगते, म्हणजे शेजारचे पिक्सेल बघून रेघांचा आकार ओळखत चित्र मोठं करणाऱ्या. ल्युकसआर्ट्स या कंपनीचे संगणकावरचे खेळ रंगीत मॅकवर आणताना एरिक जॉन्स्टन यांनी 1992 च्या सुमारास ईपीएक्स ही अशी पद्धत लिहिली, नंतर स्केल2एक्स, एचक्यू2एक्स, एक्सबीआर आले. स्केल2एक्स नवे रंग बनवत नाही, तिरक्या रेघा नीट वळवतं, आणि तलवार किंवा डोंगरकड्यासाठी ते खरंच सुंदर दिसतं. एचक्यू आणि एक्सबीआर मात्र रंग मिसळतात, आणि डिदरिंगने (दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून) काढलेला पोत त्यांच्या हाती लागला की विचित्र नक्षी उमटते. माझं स्पष्ट मत असं की या हुशार पद्धतींत चित्रकाराने ठेवलेला ठिपका उरत नाही, दुसरंच चित्र तयार होतं. स्वतःच्या कामासाठी मी त्या बंद केल्या आहेत.

वेबपेजवर टाकताना सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारा कोड) 'इमेज-रेंडरिंग: पिक्सेलेटेड' लिहायला हवंच, पण स्क्रीनचं स्केलिंगही, म्हणजे सगळं मोठं दाखवायची टक्केवारी, धरा. 16 चं चित्र 48 रुंदीत ठेवलं तर 150 टक्के स्केलिंगवर ते 72 होतं, म्हणजे साडेचारपट, पुन्हा तोच तिरळेपणा. 64 रुंदी ठेवली तर 150 टक्क्यांवर 96 आणि 125 टक्क्यांवर 80, दोन्हीकडे पट पूर्ण. मी आता सगळीकडे 64 च ठेवते. गेम इंजिनचं फारसं सांगण्यासारखं नाही. युनिटीत फिल्टर मोड 'पॉइंट' आणि कॉम्प्रेशन बंद, गोडोमध्ये टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट'.

खरा त्रास झाला तो चित्रं शेअर करायच्या एका साइटवर. पीएनजी दिलं तरी ती त्याचं जेपीईजी करते, आणि लाल रेघांभोवती घाण पसरते. जेपीईजी 8 बाय 8 च्या चौकोनांत काम करतं आणि रंगाची माहिती बहुतेकदा निम्म्या रिझोल्यूशनवर ठेवतं. म्हणजे रंगाचा एक चौकोन चित्रातले 16 बाय 16 पिक्सेल व्यापतो, म्हणून अशा ठिकाणी चित्र 16 पट करूनच चढवा. मग प्रत्येक चौकोनात एकच सपाट रंग येतो आणि घाण धरायला कडच उरत नाही. साइटने स्वतःहून आकार बदलला तर मात्र हा उपाय चालत नाही, तेव्हा तिची रुंदीची मर्यादा आधी तपासा.