फोटोरेक: हळदीचे फोटो परत आणणारं फुकट सॉफ्टवेअर

कराडजवळच्या एका लग्नात पहाटे पाचला, झोपेत, मी हळदीचं ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करून टाकलं. चूक शंभर टक्के माझी. भाचा म्हणाला, "मामा, ते कालचं होतं."

एक गोष्ट मात्र धड केली. त्यावर एकही नवा फोटो न काढता कार्ड बाहेर काढलं, कडेची लॉकची पट्टी सरकवली आणि खिशात टाकलं. दोन-तीन सेकंदांत ६४ जीबी पुसून होत नाही, एवढं ठाऊक होतं. कॅमेरा फक्त कुठली फाइल कुठे आहे याची नोंद कोरी करतो. सातबाऱ्यावरचं नाव उडालं तरी जमीन जागेवर असते, तसं. पण त्यात दुसऱ्याने पेरलं की मग काही खरं नाही.

पुण्यातल्या एका दुकानाने आठ हजार सांगितले. ते देण्याआधी फोटोरेक वापरून पाहिलं. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, टेस्टडिस्क या त्याच्या जोडीच्या सॉफ्टवेअरसोबत एकाच डाउनलोडमध्ये येतं. उघडलं की काळी खिडकी, माउस चालत नाही, सगळं बाणांच्या बटणांवर. घाबरू नका, माउसवाल्यांसाठी क्यूफोटोरेक त्यातच असतं. फोटोरेक त्या पुसलेल्या नोंदी बघतच नाही. जेपेग फाइल ठरावीक बाइट्सनी सुरू होते, तशा खुणा शोधत अख्खं कार्ड चाळतं. सापडलेलं मात्र लॅपटॉपवरच साठवायचं, त्याच कार्डावर चुकूनही नाही.

हळदीचे फोटो मिळाले. नावं गेली, सगळे 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. तारीख-वेळ फोटोच्या आतच असते, तिच्यावरून भाच्याने दोन तासांत क्रम लावला. व्हिडिओंपैकी निम्मे चालेनात. व्हिडिओचे तुकडे कार्डावर विखुरलेले असले तर या पद्धतीने ते जुळवता येत नाहीत. आईच्या उखाण्याचा व्हिडिओ त्यातच गेला, नवरी अजून बोलून दाखवते.

पण मला खरा घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. त्याच फोल्डरमध्ये चार महिन्यांपूर्वीचं एक डोहाळजेवणही निघालं, मधे कितीदा फॉरमॅट केलेलं असताना! माझ्या कॅननच्या फॉरमॅट मेनूत 'लो लेव्हल फॉरमॅट' अशी एक चौकट आहे, तिच्यावर मी आजवर टिक केली नव्हती. एका जुन्या ८ जीबी कार्डावर टिक करून पाहिलं. वेळ जास्त लागला, पण नंतर फोटोरेकला त्यात एकही फोटो मिळाला नाही.

सॉफ्टवेअरला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या काळ्या खिडकीचा कापला.

गेल्या आठवड्यात जुना कॅमेरा एका पोराला विकला. सोबतचं ३२ जीबीचं कार्ड 'रिकामंच आहे' म्हणून तसंच देणार होतो.